शिरसाठबाईंचा फ्रिज

“माझ्या फ्रिजनं या गल्लीत जेवढ्या पोरी उजवल्या, तेवढ्या कुठल्या भटजीनं उजवल्या नसतील,” शिरसाठबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. “आणि मला मेलीला ऐन उन्हाळ्यात थंड पाणी मिळालं नाही ते नाहीच.”

मी फ्रिजच्या मागच्या बाजूला होते. बाई माझ्या मागून, हात लावल्यासारखं करत चालल्या होत्या. पुढच्या बाजूला माझे वडील, म्हणजे नाना, आणि शेजारचे इस्माईलभाई. फ्रिज आडवा करायचा नाही, आतला गॅस उलटतो, अशी बाईंची ताकीद होती, म्हणून तो उभाच्या उभा, देवाला मिरवावं तसा गल्लीतून चालला होता.

“आता कोण येतंय पाहायला? मंदाचं तर ठरलं ना?”

“पाहायला नाही बाई. तलाठी येतोय. माझ्या कर्जाच्या चौकशीला.”

बाई जागच्या जागी थांबल्या. “तलाठ्याला फ्रिज कशाला?”

“जरा बाजू सांभाळा,” नाना पुढून म्हणाले. त्यांना ऐकू गेलं होतं.

आमच्या गल्लीत तेव्हा एकच फ्रिज होता, झेडपीच्या शाळेत शिकवणाऱ्या शिरसाठबाईंचा. कुणाच्या घरी मुलगी पाहायला माणसं यायची म्हटलं, की आदल्या संध्याकाळी फ्रिज त्या घरी जायचा. त्याच्याबरोबर कोपऱ्यावरच्या मंडपवाल्याच्या सहा खुर्च्या आणि इस्माईलभाईंकडचे सोनेरी काठाचे कप. सगळ्यांनाच लागायचं, त्यामुळे कुणी कुणाला हसायचं नाही. आमच्याकडे तर माझ्या थोरल्या बहिणीपायी, मंदापायी, तो सात वेळा आला. सहा वेळा नकार घेऊन परत गेला. सातव्या वेळी तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून असलेले निकुंभ भाऊसाहेब आपल्या मुलासाठी सहकुटुंब आले, पोहे खाल्ले, आणि चार दिवसांनी ‘मुलगी पसंत आहे’ असा निरोप आला. मंदा तेव्हा सव्वीस वर्षांची होती. आई त्या दिवशी फ्रिजलाच हळदीकुंकू वाहते की काय असं मला वाटलं.

माझं प्रकरण वेगळं होतं. मी बारावीला बऱ्या मार्कांनी पास झाले होते आणि जिल्ह्याच्या गावी फार्मसीच्या कॉलेजात माझं नाव लागलं होतं. फी भरायची सोय नव्हती. ती सोय कशी होऊ शकते हे आम्हाला कळलं ते नानांच्याच हातून. नाना पेंटर. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, आणि सरकारी काम मिळालं तर भिंती. त्या साली त्यांना सात गावांतल्या सात भिंती मिळाल्या होत्या. मजकूर एकच: ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील हुशार विद्यार्थ्यांसाठी शासनाचे शैक्षणिक कर्ज. अंतिम दिनांक १० ऑगस्ट.’ सातवी भिंत रंगवून घरी आले तेव्हा त्यांनी हातपाय धुता धुता मला विचारलं, “हेमा, तू हुशार आहेस ना गं?”

अर्ज मीच भरला. जामीन म्हणून सरकारी नोकर लागत होता. शिरसाठबाईंनी चष्मा लावला, सगळा कागद वाचला, “पळून गेलीस तर माझ्या पगारातून कापतील बरं का,” म्हणाल्या आणि सही केली. फोटो झाले, दाखले झाले. राहिला फक्त उत्पन्नाचा दाखला. वर्षाचं उत्पन्न पंधरा हजारांच्या आत हवं. आमचं खरोखरच दहाच्या वर जात नव्हतं. पावसाळ्यात तर रंग वाळत नाही, म्हणून चार महिने नाना नुसते ब्रश धूत बसायचे. यात अडण्यासारखं काही होतं असं मला वाटलंच नव्हतं.

“आई, आपल्याला उत्पन्न कमी दाखवायचंय ना?” फ्रिज भिंतीला टेकवला तेव्हा मी म्हटलं.

आई खुर्च्या पुसत होती. “तो तलाठी निकुंभांच्या ऑफिसात रोज जातो. उद्या जाऊन सांगेल, तुमच्या व्याह्यांकडे गेलो होतो, बसायला धड खुर्ची नाही. आणि फ्रिज? भाऊसाहेब म्हणतील, अहो, आम्ही गेलो तेव्हा तर होता. मग?”

“मग काय?”

“मग काय ते तुला कळत नाही?” आईनं मंदाकडे पाहिलं नाही. मंदा चुलीपाशी बसून रवा भाजत होती, तिनंही वर पाहिलं नाही.

“आणि उत्पन्न कागदावर कमी असतं,” नाना म्हणाले. “घर काय कमी दाखवायचं?”

फ्रिजच्या वायरीला तीन पायांचा प्लग होता आणि आमच्या घरात होतं ते एकुलतं एक सॉकेट दोन भोकांचं. त्यामुळे आमच्याकडे आलेला फ्रिज कधी चालू झालाच नाही. आई वायर गुंडाळून मागे सारायची आणि प्लग दिसू नये म्हणून वरून क्रोशाचा रुमाल सोडायची.

तलाठी खैरनार दुसऱ्या दिवशी अकराला लुनावरून आले. घामाघूम झालेले, काखेत पॅड. आईनं त्यांना मधल्या खुर्चीत, फ्रिजच्या बरोबर समोर बसवलं. मला अजून कळत नाही, तिनं निदान त्यांची पाठ फ्रिजकडे का केली नाही. पण पाहुणे पाहायला आले की मुलाच्या वडलांना तिथंच बसवायचं अशी तिची सवय झाली होती.

“पाणी देऊ ना? थंड?” आई म्हणाली.

“फ्रिजचं नको वहिनी, घसा धरतो. माठाचं असेल तर द्या.”

आईच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. तिनं माठाचं पाणी दिलं. मंदानं शिरा आणला, काठाच्या कपात चहा आणला. खैरनार खाता खाता लिहीत होते. खोल्या किती, छप्पर कसलं, शेती आहे का. नाना खरं सांगत होते. महिन्याला आठशे, कधी नऊशे. दिवाळीत थोडे जास्त. पावसाळ्यात काही नाही.

खैरनारांनी पॅडवरून मान वर केली आणि खोलीभर नजर फिरवली. खुर्च्या मोजल्या. फ्रिजपाशी थांबले. जरा वेळ थांबले.

“हे सगळं तुमचंच ना, बागूल?”

आता मी दाराच्या चौकटीत उभी होते. नानांचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. इस्त्रीचा शर्ट, कॉलरला आतून पांढऱ्या रंगाचा डाग.

“हो,” नाना म्हणाले. “देवाच्या दयेनं.”

खैरनारांनी आणखी एक ओळ लिहिली, कपातला चहा संपवला, शिरा छान झाला होता असं आत डोकावून मंदाला सांगितलं आणि गेले. आईनं उंबऱ्यापाशी उभं राहून, लुना दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं. “चांगला माणूस आहे,” म्हणाली. फ्रिज संध्याकाळी परत गेला.

दाखला आला त्यात उत्पन्न एकवीस हजार होतं.

नानांना तो आकडा आधी आवडला की काय, असं मला क्षणभर वाटलं. त्यांनी कागद उजेडाला धरला, दोनदा वाचला. “एकवीस,” म्हणाले. आजवर त्यांना एवढं कुणी लावलं नव्हतं.

कर्जाच्या ऑफिसातल्या बाईंनी मात्र अर्ज उघडून पाहिला आणि परत माझ्याकडे सरकवला. “हा अर्ज आमचा नाही. तुम्ही श्रीमंत आहात.” त्या थट्टा करत नव्हत्या, त्यांना मागे रांग होती. “दुरुस्ती नायब तहसीलदार करतात. मंगळवारी शेवटची तारीख. मंगळवारी पाचपर्यंत आलात तर मी घेते, सव्वापाचला आलात तर नाही.”

आज मी त्याच तालुक्याच्या कचेरीसमोर लोकांचे अर्ज भरून देते. एक टेबल, दोन खुर्च्या, आता एक संगणकही आहे. मला जे काही येतं ते अर्ज भरता भरताच आलं; कुठल्या कागदाला किती तिकिटं, कुठला साहेब कधी जेवतो, हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. घरी चौकशी व्हायची असेल तर मी लोकांना आधी एकच विचारते, “घरात तुमचं नाही असं काय काय आहे?” लोक हसतात. मग विचारात पडतात. मी तोवर चहा सांगते.

त्या वेळी मला एवढंच कळलं होतं की शुक्रवार आहे आणि मधे एक सोमवार आहे.

शिरसाठबाई रात्री आमच्याकडे आल्या. चष्मा कपाळावर, हातात पदर. “वामनराव, मी येते तुमच्याबरोबर कचेरीत. सांगते साहेबांना, फ्रिज माझा आहे म्हणून. पावती आहे माझ्याकडे. संपलं.”

“नको बाई,” नाना म्हणाले. “तुम्हाला शाळा आहे.”

“अर्धी रजा टाकते.”

“नको. आम्ही बघतो.”

बाईंनी आईकडे पाहिलं. आई ताटातले तांदूळ निवडत होती. “भाऊसाहेब तिथंच बसतात ना,” आई ताटाकडे बघत म्हणाली. “साहेबांच्या खोलीच्या बाहेर. त्यांच्या टेबलावरूनच कागद आत जातो.”

मंदा मागच्या दारी भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज जरा वेळ थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

“एक ते दोन जेवणाची सुट्टी असते,” नाना म्हणाले. “भाऊसाहेब घरी जातात जेवायला. साहेब खोलीतच डबा खातात. तेवढ्यात जाऊन येऊ.”

हा बेत मला इतका हुशारीचा वाटला, की रात्री बसून मी अर्जही लिहिला. फुलस्केपवर, समास सोडून, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात. ‘सदर फ्रिज आमच्या मालकीचा नसून शेजारी राहणाऱ्या श्रीमती शिरसाठ यांचा आहे. आमची आर्थिक परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे.’ नानांनी तो वाचला. ‘हलाखीची’ या शब्दावर अंगठा ठेवून थोडा वेळ बसले.

“अक्षर चांगलंय तुझं,” म्हणाले. “माझ्यापेक्षा.”

सोमवारी आम्ही सायकलवर डबलसीट गेलो. साडेबाराला कचेरीच्या आवारातल्या लिंबाखाली जाऊन उभे राहिलो, झाडाच्या पलीकडच्या अंगाला, म्हणजे दारातून दिसणार नाही असे. एक वाजला. कारकून बाहेर पडले, शिपाई बाहेर पडला. भाऊसाहेब काही पडेनात. सव्वा वाजला. नाना म्हणाले, “आज काम जास्त असेल.” मी म्हटलं, “पाच मिनिटं बघू.”

“व्याही! अहो, इथं उन्हात काय करताय?”

आम्ही दोघंही दचकलो. निकुंभ भाऊसाहेब झाडाच्या मागून, आवाराच्या नळाकडून येत होते. हात ओले, कागदात गुंडाळलेली दोन केळी.

“घरी नाही गेलात जेवायला?” नानांच्या तोंडून निघून गेलं.

“अहो, श्रावणातला सोमवार. डबा नाही, जेवण नाही. केळं घ्या. घे गं पोरी.” त्यांनी एक केळं मोडून आम्हा दोघांना दिलं आणि माझ्या हातातल्या कागदांकडे पाहिलं. “काही काम होतं का कचेरीत?”

“नाही, म्हणजे, दाखल्याचं जरा,” नाना म्हणाले.

“मग रांगेत कशाला? चला, मीच घेऊन जातो आत. आपल्या माणसाला कुठं ताटकळत ठेवायचं!”

श्रावणी सोमवार आम्ही दोघंही विसरलो होतो. आमच्या घरी आई त्या दिवशी खिचडीच करणार होती. आम्ही निघताना ती म्हणालीसुद्धा होती, “लवकर या, उपास आहे.” ते आमच्या दोघांच्याही कानांवरून गेलं होतं.

नायब तहसीलदारांना सर्दी झाली होती. ते नाकाला रुमाल लावून बसले होते, पण माणूस शांत होता. भाऊसाहेबांनीच फाइल काढून त्यांच्यापुढे ठेवली. “साहेब, हे आमचे व्याही, वामनराव बागूल. ही त्यांची धाकटी. फार हुशार आहे म्हणे.” आणि ते टेबलाच्या कडेला उभे राहिले, गेले नाहीत.

साहेबांनी पानं उलटली. “हं. पाहणीत फ्रिज आहे, खुर्च्या आहेत. म्हणून एकवीस झालेत. फ्रिज नसता तर तलाठ्यानं एवढं लिहिलं नसतं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “फार्मसी? उद्या शेवटची तारीख आहे नाही का? हे बघा बागूल, यात अवघड काही नाही. फ्रिज तुमचा नसेल, कुणी वापरायला दिलेला असेल, तर तसं लिहून द्या. मी आत्ता दुरुस्त करतो, सही करतो. पाच मिनिटांचं काम आहे.” ते शिंकले. “बोला. फ्रिज तुमचा आहे का?”

पंख्याचा आवाज येत होता. नाना टेबलावरच्या काचेकडे बघत होते. काचेखाली जुन्या वर्षाचं कॅलेंडर होतं. मी अर्ज हातात धरला होता, घडी घातलेला; नुसता पुढे करायचा होता. मलाही तोंड होतं, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मी अठरा वर्षांची होते, बारावीला पास झालेली होते, आणि मलाही निकुंभ भाऊसाहेब शेजारी उभे असलेले दिसत होते. मंदाचं चुलीपुढचं तोंड दिसत होतं.

“आमचाच आहे, साहेब,” नाना म्हणाले.

साहेबांनी रुमाल खाली केला. नानांच्या नखांत निळा रंग होता. त्याकडे त्यांचं लक्ष गेलं असावं. त्यांनी भाऊसाहेबांना विचारलं, “तुम्ही यांच्या घरी जाऊन आलाय ना?”

“हो साहेब,” भाऊसाहेब म्हणाले. ते वर पंख्याकडे बघत होते. “आहे फ्रिज.”

“मग मला काही करता येत नाही,” साहेब म्हणाले आणि फाइल मिटली.

मी अर्जाची आणखी एक घडी घातली.

बाहेर आल्यावर भाऊसाहेबांनी चहा सांगितला. स्वतः घेतला नाही, उपास होता. आम्ही घेत होतो ते बघत राहिले. काही तरी बोलायचं असल्यासारखा एकदा घसा खाकरला त्यांनी. मग म्हणाले, “रविवारी मग सुपारी फोडायला येतो आम्ही. पंचवीसेक माणसं.”

“या ना,” नाना म्हणाले.

येताना वाटेत पंचायतीच्या गोदामाची भिंत लागते. नानांनी तिथं सायकल थांबवली. मला उतरायला सांगितलं. भिंतीवर त्यांचाच मजकूर होता, सात भिंतींपैकी तिसरा. कुणाच्या तरी म्हशीनं अंग घासलं होतं, ‘दुर्बल’ या शब्दावर शेणामातीचा पट्टा उमटला होता. नानांनी खिशातला रुमाल काढला, थुंकी लावून तो पट्टा पुसला. नीट पुसला, अक्षराच्या कडेकडेनं. मागे सरकून पाहिलं.

“द जरा आखूड झालाय,” म्हणाले. “बस.”

घरी आई खिचडी झाकून बसली होती. “झालं का?”

“कागद अडकलाय,” नाना म्हणाले.

मंगळवारचे पाच कधी वाजले ते घरातल्या प्रत्येकाला कळलं. आईनं त्या सुमाराला मला पिठाच्या चक्कीवर पिटाळलं. दळण नव्हतं फार, तरी पाठवलं. नाना ब्रश धूत होते. मंदा मला दारात आडवी आली, काही तरी म्हणायला तोंड उघडलं, आणि “पिशवी फाटकी आहे, दुसरी ने,” एवढं म्हणाली.

पुढचे चार दिवस आमच्याकडे कॉलेज हा शब्दच कुणी काढला नाही. काढायची वेळ आली तर आई म्हणायची, “हेमाचं पुढच्या वर्षी बघू.” नाना म्हणायचे, “त्या कागदाचं बघतो मी.” कर्जाचा अर्ज, फोटो लावलेला, शिरसाठबाईंच्या सहीचा, देवांच्या फळीवर गंगेच्या तांब्याखाली ठेवला होता. पूजा करताना आई तांब्या उचलायची, खालचा कागद बघायची आणि तांब्या परत ठेवायची.

रविवारी फ्रिज पुन्हा आला. या खेपेला शिरसाठबाई कुरकुरल्या नाहीत. फ्रिज टेकवून झाल्यावर त्यांनी स्वतःच क्रोशाचा रुमाल नीट केला, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि लिंबं पिळायला बसल्या.

निकुंभांकडची पंचवीसच्या जागी बत्तीस माणसं आली. पुढच्या खोलीत दाटी झाली. आतल्या खोलीत मंदाला नव्या साडीत पाटावर बसवलं होतं, एका हातात बांगड्या भरून झाल्या होत्या, दुसरा हात मोकळा होता. मी आणि शिरसाठबाई सरबत करत होतो. पडद्याच्या पलीकडून निकुंभांचे कोणी म्हातारे काका ओरडले, “ओ, जरा फ्रिजमधलं गार द्या हो! घामानं जीव चाललाय.”

आईचा हात तांब्यावरच राहिला. एवढ्यात मंदाच्या होणाऱ्या सासूबाई पडदा सारून आत आल्या. गोल चेहऱ्याच्या, कपाळाला मोठं कुंकू. आईच्या हातातला तांब्या त्यांनी काढून घेतला आणि माठातलं पाणी भरून घेतलं.

“धावपळ करू नका, विहीणबाई,” त्या हळूच म्हणाल्या. त्यांना हसू येत होतं. “काकांना काय कळतंय माठाचं आणि फ्रिजचं. आमच्याकडे माझ्या नणंदेच्या वेळी आणला होता ना, तो तर आतून गंजलेला होता. दार उघडलं तर झुरळं निघाली असती! मी म्हटलं ह्यांना, कुणी आत हात घातला तर संपलंच.”

आईनं ओले हात पदराला पुसले.

“म्हणजे,” आई म्हणाली, “तुम्हाला माहीत होतं?”

“अहो, त्यात काय! पहिल्या दिवशीच दिसला ना ह्यांना, प्लग. रुमालाच्या खालून लोंबत होता. घरी जाताना रस्ताभर हसत होतो आम्ही. तुम्हाला नाही, हो. आपलंच आठवून. कुणाकडे आणत नाहीत? मुलगी आवडली होती आम्हाला. फ्रिज थोडाच घरी न्यायचा होता.”

नाना सरबताचं ताट न्यायला आत आले होते. ते पडद्याशीच उभे होते. त्यांच्या मागे निकुंभ भाऊसाहेब, कशाला तरी आले होते, नारळाला असेल. त्यांनीही ऐकलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचं सणासुदीचं हसू तसंच राहिलं, पण त्यात काही उरलं नव्हतं.

“भाऊसाहेब,” नाना म्हणाले. आवाज अगदी साधा, पाटीवरचं अक्षर विचारावं तसा. “तुम्हाला माहीत होतं? त्या दिवशी, साहेबांपुढे?”

भाऊसाहेब खांद्यावरच्या उपरण्याशी चाळा करत राहिले. “मला वाटलं, तुम्ही सांगाल,” म्हणाले. “तुम्ही म्हणालात, आमचाच. मग चारचौघांत, साहेबांपुढे, मी व्याह्याला खोटं कसं पाडणार? तुमचा मान...” त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य सोडून दिलं.

बाहेर काका पुन्हा पाणी मागत होते. शिरसाठबाईंच्या मुठीत अर्धं लिंबू होतं, ते पिळून संपलं होतं तरी त्या पिळत होत्या. आई म्हणाली, “जाऊ द्या. शुभ दिवस आहे. हेमाचं पुढच्या वर्षी बघू.” नाना म्हणाले, “हो, हो. तो कागद नुसता अडकलाय.” विहीणबाई एकदा ह्यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होत्या, काय झालं ते त्यांना अजून कळलं नव्हतं. भाऊसाहेब म्हणाले, “गुरुजी थांबलेत.”

“थांबू द्या,” पाटावरून मंदा म्हणाली.

तिनं मान वर केली होती. मुंडावळ्या नव्हत्या अजून, नुसतं कुंकू, आणि एक हात मोकळा. आमच्या घरात तिनं कधी मोठ्या माणसांकडे असं पाहिलेलं मला आठवत नाही. तिनं आधी भाऊसाहेबांकडे पाहिलं, मग नानांकडे.

“सगळ्यांना माहीत होतं,” ती म्हणाली, “तर मग हेमाचं कॉलेज गेलं कशापायी?”